डब्यातली यादी

दिशाचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार तेवीस. त्याच वर्षी मे महिन्यात तिच्या वडिलांच्या, राई गावातल्या परशुराम भोईरांच्या घरी वायफायचा डबा लागला, आणि तो लावला होता निकेतने. दोन वर्षांनी तो डबा बंद पडल्याची तक्रार तिसऱ्यांदा आली, तेव्हा इंटरनेट कंपनीच्या मालकाने निकेतलाच पिटाळलं. "म्हातारा तुझंच नाव घेतोय," मालक म्हणाला.

निकेत नाक मुरडतच अंगणात शिरला. तो शहरात, गोडदेवच्या इमारतीत वाढलेला. वाळत घातलेल्या सुकटाचा वास त्याला कधी सोसलाच नाही. आत येऊन त्याने बॅग दाराजवळच्या खुर्चीवर टाकली. बॅगेत पक्कड, वायरी आणि लाईन तपासायचा फोन. स्वतःचा फोन हातात.

"चाय घेशील?" परशुरामने विचारलं.

"नको काका. अजून सहा घरं बाकी आहेत."

भिंतीवर साहिलचा हार घातलेला फोटो होता. साहिल म्हणजे दिशाचा भाऊ, निकेतचा दोस्त. गेल्या वर्षी खाडीत होडीतून पडला. निकेत तेव्हा सोबत होता. वाचवायला उडी मारली, पण उपयोग झाला नाही, आणि साहिल खिशातल्या फोनसकट खाली गेला, असं त्याने पोलिसांना लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी प्रेत मिळालं, फोन मिळाला नाही. साहिलची आई चंद्रावतीकाकी तेव्हा निकेतच्या पाया पडायला निघाली होती. कोणाच्याही पाया पडतात ही माणसं, असं निकेतला वाटलं होतं.

परशुराम मात्र वर्षभर भेटेल त्याला एकच विचारत होता. चौथ्या वर्षी पोहायला शिकलेला पोरगा बुडला कसा? लोक आधी हळहळले, मग कंटाळले.

निकेतने डब्यामागे हात घातला. वायर नुसती उपसलेली होती.

"काका, वायर निघालीय. एवढ्यासाठी तीन तक्रारी?"

"मना काय कळतंय त्यातलं?"

"ते दिसतंच आहे." निकेतने वायर खोचली. हिरवे दिवे लागले. बॅगेत काहीतरी एकदा टुणकन वाजलं. "डबाच जुना झालाय. नवीन देतो. नाव नवीन, पासवर्ड नवीन."

"नगं. नाव ऱ्हाऊ दे. होडी आनंदी, डबा आनंदी. साहिलनं समद्याला येकच नाव दिलं. पासवर्डबी त्याचाच ऱ्हाऊ दे."

निकेत खोचलेली वायर ओढून बघत होता. म्हाताऱ्याची बडबड त्याने अर्धवटच ऐकली.

"येक सांग," परशुराम जवळ सरकला. "फोन घरात आला का डब्याला कसा कळतो?"

"पासवर्ड एकदा टाकला की फोन लक्षात ठेवतो. परत आला की आपोआप जोडला जातो. डबा त्याला एक नंबर देतो आणि यादीत नाव लिहितो."

"म्हंजे बंदराव होड्यांची नोंद ठेवतात तशी."

"तशीच समजा." निकेतला हसू आवरेना. काय ती अक्कल!

"आन इंटरनेट बंद आसलं तर?"

"इंटरनेट बाहेरचं, काका. जगभरचे कंप्यूटर एकमेकांना जोडलेत, समुद्राखालून केबली टाकल्यात, ते इंटरनेट. हा डबा घरातला. बाहेरचं सगळं बंद पडलं तरी तो घरातल्या फोनला ओळखणार."

"भिंतीपल्याडच्या फोनला?"

"ओळखणार. वीसेक फुटांवरून आरामात."

"गेल्या महिन्यात तू बाजूला शुभदाकडं आलतास."

"आलो असेन. रोज दहा घरं फिरतो. कोण लक्षात ठेवतं?"

परशुरामने मान हलवली. "ती यादी दाखव ना मना."

आता निकेतला उलगडा झाला. म्हाताऱ्याला वाटतंय, पोरगा एक दिवस खाडीतून उठून येईल, त्याचा फोन आपोआप जोडला जाईल. म्हणून जुनं नाव, जुना पासवर्ड. त्याला कीव आली नाही, उबगच आला.

"वाचणार कोण? तुम्ही?"

"दिशा माहेरी आली का शिकवते. आठ म्हयने झाले. इंग्रजी अक्षरंबी येतात थोडी."

"या वयात! आता कुठे नोकरीला लागताय?" निकेतने स्वतःच्या फोनवर पासवर्ड टाकला, यादी उघडली आणि फोन म्हाताऱ्याच्या हातात कोंबला. "घ्या. वाचा निवांत." तो खाली पडलेले वायरींचे तुकडे गोळा करायला वाकला.

परशुरामने चष्मा लावला.

"दोन हायत."

"एक माझा. दुसरा काकींचा असेल."

"तिचा मी सकाळीच बंद करून ठेवला. टीवी बंद हाय. दिशा सासरी हाय."

"मग शेजाऱ्यांचा असेल."

"शेजाऱ्यांना पासवर्ड ठावं न्हाय." परशुरामने बोट काचेवर टेकवलं. वाचायला शिकण्याच्या कितीतरी आधीपासून तो दर वर्षी होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, पांढऱ्या रंगाने तीच सहा अक्षरं रंगवत आला होता. "ए. एन. ए. एन. डी. आय."

निकेत वाकलेलाच राहिला.

"साहिलच्या फोनाचं नाव," परशुराम म्हणाला. "तू शुभदाकडं आलतास त्या दिवशी दिशानं ह्येच नाव यादीत बघितलं. दिशाच्या लग्नात घेतला त्यानं. म्हागाचा. तूच म्हणालतास, मासे मारणाऱ्याला काय करायचाय आसला फोन. मंग त्याच्यासंगं बुडालेला फोन तुझ्या बॅगेत कसा?"

निकेतने खुर्चीकडे हात टाकला. खुर्ची रिकामी होती. चंद्रावतीकाकी दाराला कडी घालून उंबऱ्याशी बसली होती, बॅग तिच्या मांडीवर होती.

परशुरामचा मुलगा साहिल नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, वीस ऑगस्ट दोन हजार चोवीस रोजी, खाडीत मेला.