पिणारी माती

यमुनावहिनींची माती पाणी पिताना आवाज करायची. सर आली की कुंपणापलीकडून घटघट ऐकू यायचं आणि शालनचा जीव जळायचा. दोघींच्या अंगणांना जिवंत मातीचं विरजण एकाच दिवशी लावलेलं. पण शालनची माती प्यायची ती काढा घेतल्यासारखी, तोंड वाकडं करून.

"थोडा गूळ घाल गं तिला," वहिनी म्हणायच्या. "माझी नुसती लाडावलीय."

आपल्या अंगणातला पाऊस कुंपणाबाहेर गेला, तर वरचा मजला चढवायला परवानगी नाही, असा नियम होता. दोघींनाही मजला हवा होता. तपासनीस यायचा होता त्या दिवशी सकाळी शालनने लोणच्याच्या बरणीतून कैऱ्या काढून घेतल्या आणि उरलेला खार वहिनींच्या अंगणात ओतला. जिवंत मातीला मीठ म्हणजे विष.

दुपारी सर आली. वहिनींचं अंगण तुंबलं. तपासनीसाने तोंड वाकडं केलं. शालन पदराआड हसली, तोच तिच्या पावलांना गार लागलं. तिचंही अंगण भरत होतं.

"अगंबाई, तुझंही?" वहिनी कळवळल्या. "तुझं विरजण लागलंच नव्हतं गं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. माझीच माती कुंपणाखालून तुझ्याकडे वाढू दिली. आता तुझ्या मजल्याचं कसं व्हायचं?"

पाणी फाटकाखालून रस्त्यावर निघालं. त्या क्षणीही शालनला वहिनींचा हेवाच वाटला. स्वतःचं सगळं गेल्यावरही त्यांना दुसऱ्याचं वाईट वाटत होतं.