सातवा कागद

प्रेमिलाबाईंचं बोट सातव्या कागदावर येऊन थांबलं, ते पुढे हलेच ना.

कागदावर पेन्सिलीनं मोबाईलची चौकट काढली होती. वर मासळीचं चित्र, खाली तीन चौकोन. कोणती मासळी विकायची ते सांगून झालं होतं. आता किती आहे ते सांगायचं होतं. समोर बसलेला अश्विन म्हणजे मशीन. बोट ज्या चौकोनावर पडेल त्याचा पुढचा कागद ठेवायचा, एवढंच त्याचं काम. बोलायचं नाही, हसायचं नाही, मानसुद्धा हलवायची नाही.

"काऊन रे, मशीन झोपली का?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

मशीन गप्प.

मासळी विकायचं ॲप आधी कागदावर तपासायला अश्विनसोबत नागपूरहून आलेली हर्षिता शेजारी वही घेऊन बसली होती. ती म्हणाली, "काय शोधताय, काकू?"

"टोपली शोधून राहिलो. इथं तं किलोच लिहून आहे. तलावावर मासोळी काढल्यावर किलो कोण मोजते वं? टोपलीच पाहते माणूस."

हर्षिता मान खाली घालून लिहू लागली. बराच वेळ लिहीतच राहिली.

"चूक तुमची नाही, कागदाची आहे," शेवटी ती म्हणाली. प्रत्येक वेळी ती हेच म्हणायची. पाहुण्यानं जाताना भाजी चांगली झाली होती म्हणावं, तसं.

त्यानंतर रचनाची पाळी. सोळाच्या सोळा कागद चार मिनिटांत झाले. हर्षितानं पेनाचं टोपणही काढलं नाही. "छान," म्हणाली.

ते 'छान' प्रेमिलाबाईंच्या कानात दिवसभर माशीसारखं घोंघावत राहिलं.

रचना शेजारच्या घरची सून. गोंदियाची, बारावी झालेली. ती यायच्या आधी नवेगाव बांधच्या मासळी गटातल्या बायका प्रेमिलाबाईंकडे यायच्या. प्रेमिलाबाई टोपली दोन्ही हातांनी उचलून वजन सांगत आणि काटा तेच दाखवी. आता फॉर्म भरायचा, मेसेज वाचायचा, काहीही असो, बायका रचनाच्या दारात. त्यात प्रेमिलाबाईंची पाळी आली की ही पोरगी खिडकीत येऊन उभी राहायची. खिडकी हर्षिताच्या पाठीमागं होती. तिथून कागद, वही, सगळं शेवटपर्यंत बघायची.

"माहा तमाशा पाहते," प्रेमिलाबाई नवऱ्याला, देवाजींना म्हणाल्या.

आणि मग हर्षितानं ते जाहीर केलं. पुढच्या सोमवारी शेवटची चाचणी. त्यानंतर गटातली एक बाई निवडायची. सहा महिने तिनं या लोकांसोबत जीपनं फिरायचं, चोरखमाऱ्यापर्यंतच्या तलावांवर जायचं, तिथल्या बायकांसमोर कागद मांडायचे. मग खरं ॲप तयार होणार.

तीस वर्षं प्रेमिलाबाई डोक्यावर टोपली घेऊन एकाच रस्त्यानं बाजाराला गेल्या होत्या. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेली रचना त्यांना डोळे मिटले तरी दिसू लागली.

गटाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडेच असायची. रविवारी बाजार आटोपल्यावर त्यांनी कपाटातली त्या कागदांची फाईल काढली, रिकाम्या टोपलीत ठेवली, वरून लुगड्याचं फडकं टाकलं आणि घरी आणली. देवाजींना ओसरीत बसवलं.

"मी बोट ठेवतो. तुम्ही कागद बदला."

"मी नवरा आहो का मशीन?"

"बोलाचं नाही. मशीन बोलत नाही."

"मंग तीस वरसं मी दुसरं का करून राहिलो?"

पहिल्या खेपेला त्या सहा ठिकाणी अडकल्या. पाचव्या खेपेला दोन ठिकाणी. सातवा कागद आला की मनातली टोपली बाजूला सारायची आणि मधल्या चौकोनावर बोट ठेवायचं, हे त्यांनी घोकून घोकून अंगवळणी पाडलं. दिवेलागणीला फाईल कपाटात परत गेली.

सोमवारी रचनाची पाळी आधी आली. या वेळी खिडकीत प्रेमिलाबाई उभ्या राहिल्या. त्यांची नजर रचनाच्या बोटावरून हलली नाही.

बोट तिसऱ्या कागदावर घुटमळलं. पाचव्यावर चुकीच्या चौकोनावर पडलं. सातव्यावर थांबलंच.

"यात टोपली कुठं आहे?" रचनानं विचारलं.

हर्षिता चमकली. भराभरा लिहू लागली.

शिकलेली आहे, पण वेळेवर घाबरली, प्रेमिलाबाईंना वाटलं. त्यांना इतकं बरं वाटलं की रचना बाहेर आली तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला.

मग त्या आत गेल्या. सोळा कागद, तीन मिनिटं. अश्विनला कागद ठेवताना घाई करावी लागली.

"छान," हर्षिता म्हणाली आणि पेनाला टोपण लावलं.

थोड्या वेळानं सगळ्या बायका सतरंजीवर जमल्या. हर्षितानं वही उघडली. "आम्ही रचनाताईंना निवडलंय."

प्रेमिलाबाई ताडकन उठल्या. "कायले? तीन जागी अडकली ना ते! मी पाहिलं."

"म्हणूनच, काकू. बाई जिथं अडकते, तिथं आमचा कागद चुकलेला असतो. अडकणारी आणि का अडकली ते सांगणारी बाई आम्हाला हवी होती." हर्षितानं वहीचं मागचं पान त्यांच्यासमोर धरलं. तिथं लिहिलेल्या नावावर आजच्याच शाईची रेघ होती. "कालपर्यंत तुमचंच नाव होतं. पण तुम्हाला तर आता सगळंच यायला लागलं."

बायका पांगल्या. प्रेमिलाबाईंनी पायरीवरची रिकामी टोपली उचलली. रचना पुढे झाली, तिनं ती अदबीनं त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि हळूच म्हणाली,

"नाराज नका होऊ, काकू. तुमच्यासारखं अडकाले मले आठ दिवस लागले."