अकरावी फाईल

फोल्डरमध्ये अकरा फाईली होत्या. सर्व्हर कोसळला की त्या क्षणाची त्याची सगळी मेमरी एका फाईलमध्ये उतरते. म्हणजे तो अकरा वेळा कोसळला होता. बिघाडाचं कारण शोधायचं काम तिच्याकडे होतं आणि ती तीन दिवस शेवटच्या फाईलशी झगडत होती. टूल बदललं, कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, आवृत्ती ताडून पाहिली, तरी एकच उत्तर: फाईल अपूर्ण आहे. पाणी कुठं मुरतंय तेच कळेना. शेवटी थकून तिने अहवालात 'कॉपी करताना निष्काळजीपणा' असं लिहिलं आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या काकांना फोन लावला.

"काका, फाईल अर्धीच कशी दिलीत? आता तुमच्या नोकरीवर येणार हे."

"अर्धीच उतरली, ताई. आधीच्या दहांनी डिस्कचं पोट गच्च भरलेलं. अकरावी मावणार कुठं?"

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"दहा वेळा तक्रार नोंदवली की. दर वेळी तुमच्याकडून उत्तर, 'मशीन चालू झालं ना? मग तक्रार बंद.'"

तिने जुन्या तक्रारी काढल्या. दहाच्या दहा तिनेच बंद केल्या होत्या. अहवालातलं ते वाक्य तिने खोडलं आणि सगळ्यात जुनी, चौदा महिन्यांपूर्वीची फाईल उघडायला लावली.

ती पूर्ण होती. बिघाडाचं कारण दिसायला चार सेकंद लागले.