कोरडी रांग

बारापैकी नऊ झाडं आडवी झाली होती. हेमांगीच्या मोबाइलमधल्या तक्त्यात मात्र ती बाराही ताठ उभी होती.

तिने पुन्हा मोजलं. निर्मळ गावातल्या घरामागच्या वाडीत राजेळी केळीच्या दोन रांगा. एका रांगेला बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या तळ्यातलं पाणी, दुसरीला, या बारा झाडांच्या रांगेला, फेब्रुवारीपासून थेंबही नाही. पाण्यावाचून राजेळी किती तग धरते, हा हेमांगीचा प्रश्न. प्रश्न बेल्जियमच्या प्रयोगशाळेत आणि उत्तर निर्मळला, असा कारभार. दर रविवारी शिवणाची टेप घेऊन बुंधे मोजायचे, पानं मोजायची आणि फोनवर आकडे सांगायचे, हे काम तिच्या आईकडे, कृष्णाबाईंकडे होतं. त्या आकड्यांवर तिकडच्या प्रोफेसरबाई बेहद्द खूश होत्या. दोन वर्षांची पोस्टडॉक फेलोशिप सप्टेंबरात संपत होती. अहवाल पसंत पडला, तर आणखी तीन वर्षं मिळणार होती. अहवाल द्यायचा होता सोमवारी. त्यासाठी मातीचे नमुने घ्यायला ती आज पहाटे विमानतळावरून घरी पोचली होती. बाबा झोपले होते, म्हणून बॅग ओट्यावर टाकून तशीच वाडीत आली होती.

"आई, हे कधी झालं?"

"मार्चपासून. एकेक करून."

"आणि तू मला दर रविवारी बाराही झाडांची पानं सांगत होतीस?"

कृष्णाबाईंनी एका पडलेल्या बुंध्यावरचं वाळकं पान ओढून बाजूला केलं. "तू तिकडं एकटी. फोनवर कशाला सांगायचं?"

यात कृष्णाबाईंचं एकटीचं काही चुकलं होतं असं नाही. या पट्ट्यात घरोघरचं कोणी ना कोणी परदेशात आहे आणि रविवारच्या फोनवर सगळ्या वाड्या हिरव्यागार असतात, सगळ्या म्हशी दूध देतात, सगळे म्हातारे पोटभर जेवून नुकतेच झोपलेले असतात. शेजारच्या आग्नेलला तर आजोबा गेल्याचं कॅनडात महिन्याभराने कळलं होतं. त्याने तिकडून चार शिव्या घातल्या, इकडे सगळ्यांनी मुकाट ऐकून घेतल्या. पण नेम काही कोणी मोडला नाही.

हेमांगीला आधी राग आला. मग भीती वाटली. खोटे आकडे पाठवणं शक्य नव्हतं आणि खरे तिच्याजवळ नव्हते. ती बांधावर बसली.

"आई, प्रयोगात झाड मेलं, तर मेलं म्हणून लिहायचं असतं. त्यात वाईट काही नसतं. पण आता माझ्या हातात काहीच नाही. पुढची तीन वर्षं गेली माझी."

कृष्णाबाई घरात गेल्या. आल्या त्या एक दोनशे पानी वही घेऊन. "खरं लिवून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "कळवलं नाय, येवढंच."

वहीत पट्टीने रेघा मारलेल्या होत्या. झाडाला नंबर, रविवारची तारीख, बुंध्याचा घेर, पानं. कुठलं झाड कोणत्या आठवड्यात पिवळं पडलं, कधी वाकलं, कधी कोसळलं, सगळं. हेमांगी एकेक ओळ बोटाने धरून वाचत गेली. जी तीन झाडं अजून उभी होती, त्यांनी नवव्या आठवड्यात, पाण्याचा थेंब नसताना, नवं पान काढलं होतं. एकाच वाडीतल्या, एकाच मातीतल्या बारांपैकी तीनच का? हाच तर प्रश्न होता. आईने फोनवर सांगितलेल्या आकड्यांत तो कुठेच नव्हता.

"आई, यावर तीन काय, पाच वर्षं मिळतील," ती म्हणाली. तिला खरंच नाचावंसं वाटत होतं. एवढी शिस्तीची नोंद तिने प्रयोगशाळेतही फार कोणाची पाहिली नव्हती. आईला तसं सांगायचंही होतं, पण आधी शेवटचा आठवडा पाहावा म्हणून तिने पान उलटलं.

"पुढचं पान तुज्या कामाचं नाय," कृष्णाबाई घाईने म्हणाल्या आणि त्यांनी वहीकडे हात केला.

तोवर हेमांगीची नजर गेली होती. त्याच रेघा, तेच अक्षर, त्याच रविवारच्या तारखा. झाडाचा नंबर मात्र नव्हता. वर लिहिलं होतं, 'ह्यांचं वजन'. फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी अडुसष्ट. परवाच्या रविवारी पंचावन्न.