टोपणाखालची हवा

बाबांचा ट्रक विकायचा होता, म्हणून आधी गॅरेजमध्ये नेला. इंजिन तापत होतं आणि केबिनमधला हीटर मात्र नुसती गार फुंकर मारत होता.

मिस्त्रींनी हीटरचे दोन्ही पाइप चाचपले. "एक चटका देतोय, दुसरा गारठलाय. पाण्यात हवा अडकलीय, ताई. ती निघाली की हीटर माणसात येईल."

इंजिन निवल्यावर त्यांनी रेडिएटरचं टोपण काढलं आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. पाण्यातून बुडबुडे येऊ लागले. दोन लहान, एक मोठा, मग खंड.

मी नकळत मोजू लागले. गेल्या महिन्यात बाबांच्या उशाशी बसून मी हेच मोजलं होतं. दोन आखूड श्वास, एक लांब, मग खंड. आधी चार आकड्यांचा, मग सातचा. शेवटी अकराचा, आणि त्यानंतर एकच श्वास.

इथेही चाराचे सात झाले.

"इंजिन बंद करा."

मिस्त्रींनी वर चढून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. बुडबुडे थांबले नाहीत.

"टोपण लावा, काका."

"आत्ता नको, ताई," पाण्यात वाकून बघत ते म्हणाले. "सगळी निघू दे. थोडीच राहिलीय."

मी दहापर्यंत पोचले होते.