चौथा वाटा

चारकोपच्या गल्लीत तीन गाळे. शिकाऊ कामगार एकट्याला परवडेना, म्हणून तिघा मालकांनी मिळून मनोरी बंदरावरच्या नमिताला घेतलं. पगार तिघांत, वारही तिघांत: सोम-मंगळ जयवंतकाकांच्या लेथवर, बुध-गुरू रत्नप्रभाताईंच्या वेल्डिंगला, शुक्र-शनी निमेशदादाच्या रंगकामाला. वर्षभरात तिच्या एप्रनवर तेल सांडलं, ठिणग्यांनी भोकं पाडली, निळे शिंतोडे उडाले. शिकणं संपताच तिघे भांडायला उठले. "नमिता माझ्याकडेच लागणार," काका म्हणाले. "वा, काका! वेल्डिंगला हात बसवला कुणी?" ताई कडाडल्या. "तिलाच विचारा ना," निमेशदादा म्हणाला. नमिता हसली. "आमच्या बंदरावर बोट बिघडली, की शाफ्टला लेथ हवा, सांध्याला वेल्डिंग, वरून रंग. तिन्ही जमणारी मीच. तिथेच वर्कशॉप टाकतेय." धुतलेला एप्रन तिने खिळ्याला अडकवला. "नवी मुलगी शोधा. तिच्या पगारातला चौथा वाटा मी देईन. दर शनिवारी तिला माझ्याकडे बंदरावर पाठवा."