फोन करणारी

फोन कोणी केला, हे वाडीनं मांडव सुटायच्या आत ठरवून टाकलं होतं. अंगणवाडीच्या उज्वलानं. दुसरं कोण असणार? बालविवाह कळवायचा सरकारी नंबर तिच्याच भिंतीवर चिकटवलेला.

उमरठच्या वरच्या अंगाला ती लहानशी वाडी. सयाजीची सेजल अजून दहावीत, आणि अंगाला हळद लागलेली. वऱ्हाड टेकतंय तोच पोलादपूरहून बालविकास खात्याच्या मॅडम आल्या, मागं पोलिसांची जीप. लग्न थांबलं. पोरगी अठराची होईतो लग्न लावणार नाही, असं सयाजीनं मुकाट्यानं लिहून दिलं, वऱ्हाड आल्या पावली कशेडी घाटापलीकडं परतलं. एवढ्यावर भागलं असतं. पण जाताना मॅडमनी सगळ्यांदेखत उज्वलाचा हात हातात घेऊन दाबला. घाबरू नका, म्हणाल्या. झालं, तिथंच तिचं भरलं.

खरं तर तिनं फोन केलाच नव्हता. करायचा होता. सेजल तिच्याच अंगणवाडीत लहानाची मोठी झालेली. नंबरही लावला, पलीकडून "बोला" ऐकू आलं आणि हिची बोबडी वळली. नवरा महाडला कारखान्यात, आठवड्यानं घरी येणारा, आणि राहायचं तर याच वाडीत. तिनं फोन कापला. त्याची लाज वाटत होती, आणि न केलेल्या फोनची भीती त्याहून मोठी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून अंगणवाडीकडं एक पोर फिरकलं नाही. नळावर तिची कळशी कोणीतरी बाजूला सारली. सयाजी पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, तिचं तंगडं मोडल्याशिवाय राहणार नाही. आणि त्याची बायको गोदूबाई तर थेट दारात येऊन बोटं मोडून गेली. माझ्या पोरीच्या हळदीत माती कालवलीस, म्हणाली. अख्खी वाडी ऐकत होती.

दिवेलागणीला दारावर थाप पडली. फटीतून पाहिलं तर गोदूबाई, हातात कोयती.

"उघड गो. आरडू नको."

न उघडून जाणार कुठं? गोदूबाई आत आली आणि तिनं स्वतःच कडी लावली.

"सेजलला उद्या मामाकडं न्यायचं ठरलंय. तिकडंच गुपचूप लगीन लावणार. पुन्हा फोन करायला हवा."

उज्वला भिंतीला टेकली. "काकी, शपथ घेऊन सांगते. तो फोन मी नाय केला."

"म्हायीत हाय मला. मी केला."

सकाळी दारात एवढं तोंड सोडलं, आता कोयती घेऊन आले, ते घरात संशय येऊ नये म्हणून, असं गोदूबाईनं खालच्या आवाजात सांगितलं. तिनं कोयती कोपऱ्यात ठेवली, तेव्हा कुठं उज्वलाचा जीव भांड्यात पडला.

"मग आताही तुम्हीच करा, काकी. ते कोणाचं नाव फोडत नाहीत."

"करतेच. पण पयलं फोन करणारीचं नाव इचारतात गो." गोदूबाईनं मान खाली घातली. "म्हणून या खेपेला तुला इचारायला आले. मागल्या खेपेला न इचारताच तुझं सांगितलं."